नव्या तंबूला गळती : दोष कोणाचा, तोशीस कोणाला?

मृग नक्षत्र जवळ आले की कोल्हापूरच्या बाजारात छत्र्या, रेनकोट आणि ताडपत्र्या दुकानाबाहेर टांगल्या जातात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी घडीचे तंबूही दिसू लागले आहेत. याचे गिऱ्हाईक मुख्यतः तरुण. १६६० सालच्या जुलैमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याचा वेढा चुकवून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेने दर जुलैत पायी जाणाऱ्यांचे जथे निघतात. वाट मसाई पठारावरून जाते. उघड्या पठारावर पावसाला वाऱ्याची जोड असते. अशा ठिकाणी मध्यरात्री कोरा करकरीत तंबू ठिबकू लागला तर अंथरूण भिजते, अंगावरचे कपडे भिजतात, आणि ओल्या अंगाला वारा लागून धडधाकट माणूसही काकडून आजारी पडू शकतो. दोन दिवसांनी तो तंबू दुकानदाराच्या गल्ल्यासमोर येऊन आदळतो.

मग दोन वाक्ये ठरलेली. गिऱ्हाईक म्हणते, "तुम्ही वॉटरप्रूफ म्हणून दिला होता." दुकानदार म्हणतो, "पिशवीवर तसे छापले आहे, मी काय करू?" आमचे म्हणणे असे की, भांडणापूर्वी दोघांनी मिळून तंबू उभा करावा. पाणी कोठून आले हे कळल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरत नाही.

आधी त्या छापील आकड्याविषयी. तंबूवर १५०० मिमी, ३००० मिमी असे लिहिलेले असते. हे मिलिमीटर पावसाचे नव्हेत! कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवीत नेला तर किती उंचीला पलीकडे थेंब दिसू लागतात, त्याचे हे माप आहे. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, म्हणून तीन हजारांचा तंबू तेथे ऑगस्टपर्यंतच टिकेल असा हिशेब कोणी मांडू नये. गंमत बाजूला ठेवू, पण काउंटरवरच्या मुलाला हा फरक माहीत असलाच पाहिजे. वरच्या कापडाला १५०० चा आकडा साधारण पावसाला पुरतो. जमिनीच्या कापडाला मात्र जास्त लागतो, कारण तेथे माणूस गुडघा टेकतो, कोपर रोवतो, आणि तो दाब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी अधिक असतो.

परंतु हा आकडा कापडाचा असतो, तंबूचा नसतो. खरी मेख येथे आहे. कापडाला आतून लेप दिलेला असतो आणि तो सहसा दगा देत नाही. दगा देते ती शिवण. मशीनची सुई गेली की लेपाला भोक पडले, आणि एका तंबूत अशी हजारो भोके असतात. चांगला कारखानदार शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी उष्णतेने चिकटवतो. स्वस्त मालात ही पट्टी छतावर असते, कोपऱ्यात नसते, किंवा चिकटवताना मध्येच सुटलेली असते. इचलकरंजीच्या मागवाल्यांचा जिल्हा आपला, येथल्या माणसाला कापड पारखायला कोणी शिकवू नये. पण तंबू घेताना तो नुसता कापडावर हात फिरवतो आणि उलटून शिवण पाहत नाही, हे आम्हाला नवल वाटते. पट्टी आहे की नाही हे नखाने चाचपले तरी समजते. दुकानातच पाहावे.

जुन्या सुती राहुटीची गोष्ट वेगळी होती. सुताचा धागा पाणी पिऊन फुगतो आणि शिवणीची भोके आपोआप बुजतात. म्हणून नवी सुती राहुटी वापरण्यापूर्वी एकदोनदा भिजवून वाळवण्याची रीत आहे. वडीलधारी माणसे हाच उपाय पॉलिस्टरच्या तंबूलाही सांगतात. त्याचा येथे उपयोग नाही, कारण हा धागा फुगत नाही.

आता दुकानदाराची बाजू. कित्येकदा तंबू गळालेलाच नसतो. बंद तंबूत झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी वाफ निघते. ती गार कापडाला लागून थेंब होते आणि पहाटे अंगावर पडते. तिघेजण आत, खिडक्या बंद, आणि ओले बूटही आतच असतील तर सकाळी सगळे ओलेचिंब. ओल छतभर सारखी आणि पाऊस नसतानाही दिसली, तर ती बहुधा वाफ समजावी. एका रेषेत किंवा एका कोपऱ्यात दिसली तर शिवण. शिवाय उभारण्याच्या चुका आहेतच: वरचे कापड सैल राहून आतल्या कापडाला टेकणे, तंबूखाली अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद बाहेर डोकावणे आणि त्यावर पडलेले पाणी थेट पाठीखाली जाणे. नायलॉनचा तंबू असेल तर ते भिजल्यावर ताणते, म्हणून झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ओढून घ्याव्या लागतात. हे विकतेवेळी सांगायला दोन मिनिटे पुरतात.

तपासणी घरच्या अंगणातही होते. तंबू नीट ताणून उभा करावा. एकाने बाहेरून नळाच्या पाइपने पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडावे, आधी खालच्या बाजूला, मग वर. दुसऱ्याने आत बॅटरी आणि खडू घेऊन बसावे आणि थेंब दिसेल तेथे खूण करावी. ही खटपट पदभ्रमंतीच्या आठवडाभर आधी करावी, आदल्या रात्री नव्हे.

शिवण ठिबकत असेल तर ती बुजवण्याचा द्रव ट्यूबमध्ये मिळतो. कोरड्या, पुसलेल्या शिवणीवर ब्रशने पातळ थर द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. लेप पॉलियुरेथेनचा असेल तर त्याच जातीचा द्रव घ्यावा. सिलिकॉनच्या कापडावर सिलिकॉनखेरीज काही चिकटत नाही. येथे आमच्या कारागीर बांधवांना एक गोष्ट सुचवाविशी वाटते. ताडपत्री आणि मंडपाचे कापड शिवणाऱ्या हातांना हे काम अजिबात अवघड नाही. मे महिन्यात तंबू तपासून शिवणी बुजवून देण्याची पाटी ज्याच्या दारात लागेल, त्याच्याकडे पावसाळ्याआधी काम येईल.

दोष मालाचाच निघाला तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस. तेव्हा "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालापुरती निरुपयोगी आहे. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच. १९३० चा मालविक्रीचा कायदाही विसरू नये. गिऱ्हाइकाने "जुलैत पन्हाळ्याला जायचे आहे, त्याला चालेल असा द्या" म्हटले आणि तुमच्या माहितीवर भरवसा ठेवून माल घेतला, तर त्या कामाला तो योग्य असला पाहिजे अशी अट सौद्यात न लिहिताही येते. त्याने ठरावीक कंपनीचे नाव सांगून तोच तंबू मागितला असेल तर ही विशिष्ट अट सहसा लागत नाही.

आणखी एक बाब. ज्यावर कारखानदाराचा पत्ताच नाही असा स्वस्त तंबू विकला, आणि तो गळून गिऱ्हाइकाचा कॅमेरा किंवा मोबाइल बिघडला, तर नुकसानीची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. विक्रेत्याने स्वतःच्या तोंडाने वेगळी हमी दिली असेल तरीही तेच. दहा तंबूंवर सुटणारा नफा एका दाव्यात जायला वेळ लागत नाही.

गिऱ्हाइकाने दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि ऑनलाइन मागवलेल्या मालाचीही तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरातच, करता येते. १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आयोग माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून स्वतः डिंक-चिकटपट्टी लावून पुरावा घालवू नये. बिल, पिशवीवरचा आकडा आणि खडूच्या खुणांसह छायाचित्रे जपून ठेवावीत.

दुकानदारांनी बिलावर "तंबू" एवढेच लिहून थांबू नये. कापडाचा आकडा, शिवणीला पट्टी आहे की नाही, आणि परत घेण्याची मुदत, हे तिन्ही लिहावे. पट्टी नसेल तर तसे सांगून किंमत कमी लावावी आणि सोबत शिवण बुजवण्याची एक ट्यूब द्यावी. परत आलेला तंबू घडी करून फळीवर टाकण्यापूर्वी पूर्ण वाळवावा. ओला राहिला तर बुरशी धरते, आणि असाच वारंवार दमट ठेवला तर काही वर्षांत आतला लेप चिकट होऊन सुटतो.