रिकाम्या हॉलला गारवा कशाला?

हातकणंगले तालुक्यातल्या शिरोली औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे कारखाने पुष्कळ. भट्टीपाशी कसला एसी? तो ऑफिसात नाहीतर मीटिंग हॉलमध्ये. हॉल तासभर भरतो, एसी मात्र दिवसभर घरघरत राहतो.

खोलीत कोणी आहे का, हे एसी चालवणाऱ्या कंट्रोलरला कळवतो छतावरचा पीआयआर सेन्सर. हलणाऱ्या माणसाच्या अंगातून निघणारे अवरक्त किरण तो टिपतो. गोची अशी, की ताळेबंदात डोकं घालून निश्चल बसलेला अकाउंटंट त्याला दिसतच नाही! म्हणून प्रोग्राममध्ये अट घालतात: शेवटच्या हालचालीनंतर पंधरा-वीस मिनिटं थांब, मग तापमान 24 वरून 28 अंशांवर ने. एसी पुरता बंद केला, तर तापलेल्या भिंती पुन्हा निवायला फार वेळ जातो.

माणसं किती, हेही महत्त्वाचं. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता सोडतो. चाळीस जणांची झाली 4 किलोवॉट, म्हणजे एक टनाच्या एसीलाही भारी. गर्दीचा अंदाज द्यायला इथे श्वासातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर कामी येतो. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असतो, कोंदट हॉलमध्ये हजाराच्या वर जातो. आकडा चढला की कंट्रोलर ताज्या हवेची झडप उघडतो. फक्त हा सेन्सर जागा होतो उशिरा. त्यामुळे दोन्ही जोडीने लावलेले बरे.