यीस्टच्या पेशीतून मेंदूच्या विकारांकडे

गेल्या वर्षी सौंसरची एक सूनबाई बाळाच्या लसीकरणासाठी आली होती. निघताना ती हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सासऱ्यांना कंपवात आहे. त्यांचे प्रोटीन बिघडले आहे व ते पसरते, असे कुणी सांगितले. बाळाला त्यांच्या मांडीवर देऊ नको का?" घरात आजोबांना नातवापासून दूर ठेवणे सुरूही झाले होते.

'पसरते' हा शब्द अर्धाच खरा आहे. प्रथिन म्हणजे घडी घातलेली साखळी. घडी चुकलेली काही प्रथिने शेजारच्या प्रथिनांचीही घडी बिघडवितात. अशा रोगकारक प्रथिनाला स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली 'प्रायॉन' हे नाव दिले. आपल्या पांढुर्ण्याच्या संत्र्यांच्या पेटीत एक फळ नासले की शेजारचेही नासते. परंतु तेथे बुरशी असते. येथे जंतू नाही, केवळ बिघडलेला आकार आहे.

पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये हा प्रकार सुरेख पाहता येतो. १९६५ साली ब्रायन कॉक्स यांना यीस्टचा एक गुण मेंडेलचे नियम न पाळता पुढील पिढीत उतरताना दिसला. अशा गुणांचा वारसा डी.एन.ए.तून नव्हे, प्रथिनाच्या आकारातून येतो, हा उलगडा रीड विकनर यांनी १९९४ मध्ये केला. प्रयोगशाळेतील एका विशिष्ट वाणात प्रायॉन असला की वसाहत पांढरी, नसला की तांबडी. सूक्ष्मदर्शकाचीही गरज नाही. (आपली हिपॅटायटिस-बीची लसही यीस्टमध्येच तयार होते, हे जाता जाता.)

२००३ साली सुसान लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेत कंपवाताशी निगडित मानवी अल्फा-सिन्युक्लीन यीस्टमध्ये घातले गेले. थोडे असता ते पेशीपटलाशी निमूट राहिले. मात्रा दुप्पट होताच गोळे झाले व पेशींची वाढ खुंटली. त्याच वर्षी, या जनुकाच्या जादा प्रती असलेल्या एका कुटुंबात कंपवात आढळल्याचे प्रसिद्ध झाले! मुंबईच्या आय.आय.टी.त समीर माजी यांचा गट याच प्रथिनाचा अभ्यास करतो. अर्थात यीस्टला चेतापेशी नाहीत. तेथे गुणकारी ठरलेला रेणू रुग्णालाही तारेल, असे मानण्याची घाई नको.

प्रायॉन माणसाकडून माणसाकडे गेल्याचे क्लेशकारक उदाहरण आम्हा बालरोगतज्ज्ञांच्याच क्षेत्रातले आहे. १९८५ पर्यंत अनेक देशांत मृतांच्या पीयूषिका ग्रंथीतून काढलेले वाढीचे हार्मोन मुलांना टोचले जाई. त्यातून काहींना पुढे क्रॉइट्झफेल्ड-याकोब रोग झाला. तो अर्क थेट शरीरात गेला होता. कुशीत घेतल्याने वा उष्ट्याने कंपवात लागल्याचे मात्र आढळलेले नाही.

सूनबाईला मी सांगितले, आजोबांना खाली बसवून बाळ मांडीवर द्या. हात थरथरतात, म्हणून शेजारी कुणीतरी असावे, इतकेच. पुढील डोसच्या वेळी आजोबाही बरोबर आले होते.