मॉस्को आर्ट थिएटर : तालमीतून घडलेला वास्तववाद

१७ ऑक्टोबर १८९६ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्झांड्रिन्स्की थिएटरात अंतोन चेकॉव्हचं 'सीगल' साफ पडलं. (क्रांतीपूर्वीच्या तारखा इथे जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे दिल्या आहेत.) प्रयोग एका लाडक्या विनोदी नटीच्या सन्मानार्थ लावलेला होता, त्यामुळे प्रेक्षक हसायच्याच तयारीने आले होते. पहिल्या अंकात नायिका नीनाचं स्वगत सुरू झालं आणि ते हसू लागले. नीनाच्या भूमिकेत व्हेरा कोमिसार्झेव्स्कायासारखी विलक्षण ताकदीची नटी होती, तरीही नाटक सावरलं नाही. तालमी जेमतेम आठवडा-दीड आठवडा झालेल्या. चेकॉव्ह थिएटरातून निघून गेला तो पुन्हा नाटक लिहायचं नाही असं ठरवूनच.

दोन वर्षांनी मॉस्कोतल्या एका नवख्या संस्थेने हेच नाटक उभं केलं आणि ते जिंकलं. संहिता तीच होती, बदलली होती ती काम करण्याची रीत. रशियन वास्तववादाचं नाव निघालं की आपल्याकडे खऱ्या दारा-खिडक्यांच्या नेपथ्याची चर्चा होते. माझ्या मते त्याचं मूळ तालमीच्या शिस्तीत आहे.

तिथवर यायला रशियन रंगभूमीला बराच काळ लागला. मिखाइल शेप्किन १७८८ साली भूदास म्हणून जन्मला, म्हणजे कायद्याने तो एका सरदाराच्या मालकीचा होता. त्याची स्वातंत्र्याची किंमत रसिकांनी वर्गणी काढून भरली. शब्दांवर हेल काढत, हात उंचावत बोलणं हाच तेव्हा अभिनय समजला जाई. शेप्किनने एका उमरावाला हौशी प्रयोगात अगदी साधेपणाने बोलताना पाहिलं आणि तो साधेपणा त्याच्या मनातून गेला नाही. पुढे मॉस्कोच्या माली थिएटरात तो तेच शिकवत राहिला. नटाने आधी स्वतःला पुसून टाकावं आणि मग पात्राच्या कातडीत शिरावं, असं तो सांगे. गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'मधला नगरप्रमुख मॉस्कोत १८३६ साली त्यानेच उभा केला. हेच नाटक पु. ल. देशपांड्यांच्या 'अंमलदार'मुळे आपल्या परिचयाचं आहे. १८६३ साली शेप्किन वारला, आणि स्तानिस्लावस्कीचा जन्मही त्याच वर्षीचा.

कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्कीचं खरं आडनाव अलेक्सेयेव्ह. घरचा कारखाना सोन्या-चांदीच्या जरीचा. २२ जून १८९७ रोजी नाटककार आणि नाट्यशिक्षक व्लादिमीर नेमिरोविच-दान्चेन्को याच्याशी त्याची 'स्लाव्यान्स्की बाजार' या हॉटेलात गाठ पडली. दुपारी दोनला सुरू झालेलं बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी आठला संपलं. संहितेबाबत शेवटचा शब्द नेमिरोविचचा, सादरीकरणाबाबत स्तानिस्लावस्कीचा, अशी वाटणी ठरली. आज नायक करणारा उद्या घोळक्यात उभा राहील, भूमिका लहान म्हणून कुणी नाक मुरडणार नाही, उशिरा येणं हा गुन्हा मानला जाईल, हेही त्याच बैठकीत ठरलं. नटांच्या रंगपटाची खोली माणसाने बसावं अशी हवी, इथपर्यंत चर्चा झाली. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. नटाला माणूस म्हणून वागवल्याशिवाय रंगमंचावर माणूस दिसणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

१४ ऑक्टोबर १८९८ ला त्यांच्या मॉस्को आर्ट थिएटरचा पडदा उघडला तो 'झार फ्योदोर' या नाटकाने. पण डिसेंबर उजाडेपर्यंत तिजोरीत खडखडाट होता. चेकॉव्ह याल्टात क्षयाने आजारी. त्याच्या बहिणीने येऊन विनवलं की 'सीगल' पुढे ढकला, पुन्हा पडलं तर भावाला सोसवणार नाही. पण त्याऐवजी लावायला संस्थेकडे दुसरं काही नव्हतं. १७ डिसेंबरला पडदा वर गेला तेव्हा प्रत्येक नटाने मन शांत ठेवायला व्हॅलेरियनचे थेंब घेतलेले होते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला लांब बाकडं होतं आणि त्यावर पात्रं चक्क प्रेक्षकांकडे पाठ करून बसली होती. पहिला अंक संपल्यावर सभागृहात एकही टाळी पडली नाही. नटांना वाटलं, आपण मेलो. मग एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला.

याच नाटकात शेवटाकडे चेकॉव्हची एक सूचना आहे : तरुण लेखक त्रेप्लेव्ह दोन मिनिटं काही न बोलता आपली हस्तलिखितं फाडतो. दोन मिनिटं! हेल काढणाऱ्या नटाकडे या दोन मिनिटांसाठी काहीही नसतं. तिथे आवाज, पल्ला, हातवारे सगळं निकामी होतं, उरतो तो फक्त माणूस आणि त्याचे कागद. मॉस्कोत त्रेप्लेव्ह करत होता संस्थेतला तरुण नट मेयरहोल्ड.

स्तानिस्लावस्की मात्र अजून बाहेरच्या खरेपणाच्या प्रेमात होता. त्याच्या प्रयोगात रातकिडे किरकिरत, बेडूक ओरडत, कुत्री भुंकत. चेकॉव्हला हे रुचेना. १८९९ च्या वसंतात त्याच्यासाठी खास प्रयोग झाला. त्रिगोरिन हा लेखक स्तानिस्लावस्कीने उंची पांढऱ्या पोशाखात, रुबाबदार रंगवला होता. चेकॉव्हने सांगितलं ते एवढंच : जोडे फाटके हवेत आणि विजार चौकटीची. स्तानिस्लावस्कीला याचा उलगडा व्हायला वर्ष गेलं. नीना प्रेमात पडते ती तिच्या कल्पनेतल्या लेखकाच्या, समोरच्या माणसाच्या नव्हे, हे त्या फाटक्या जोड्यांत होतं. रातकिड्यांनी रात्र कळते, जोड्यांनी माणूस कळतो. वास्तववादाची पुढची सगळी वाटचाल मला याच फरकात दिसते.

१९०६ च्या उन्हाळ्यात फिनलंडमध्ये विश्रांती घेताना स्तानिस्लावस्कीला जाणवलं की आपल्या गाजलेल्या भूमिका यांत्रिक झाल्या आहेत. त्यातून त्याची अभिनयपद्धती आकाराला आली. तिचं मर्म त्याच्या 'ॲन ॲक्टर प्रिपेअर्स' या पुस्तकातल्या एका प्रसंगात आहे. मारिया या विद्यार्थिनीला पडद्यात टोचलेली ब्रोच पिन शोधायची असते. ती धावते, छाती धरते, डोकं गच्च पकडते आणि पिन शोधायचंच विसरते. मग गुरू सांगतो, पिन मिळाली नाही तर तुझं शिक्षण इथेच संपलं. आता ती पडद्याची चुणी न् चुणी तपासू लागते. भावना दाखवू नका, काम करा, भावना मागोमाग येईल, हा तो धडा.

पुढे सोव्हिएत सत्तेने वास्तववादालाच सरकारी फर्मान केलं. वेगळ्या वाटेने गेलेल्या मेयरहोल्डचं थिएटर १९३८ साली बंद झालं. तेव्हा त्याला आपल्या ऑपेरा थिएटरात काम देणारा स्तानिस्लावस्कीच होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्तानिस्लावस्की गेला. १९४० साली मेयरहोल्डला गोळ्या घातल्या गेल्या. वास्तववादाच्या नावाने जे झालं त्यात हे सर्वांत लाजिरवाणं.

मराठीत के. नारायण काळे यांनी 'ॲन ॲक्टर प्रिपेअर्स' आणलं ते 'अभिनय-साधना' म्हणून. 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेच्या १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात काम केलेल्या माणसाचा हा अनुवाद आहे. एकांकिका स्पर्धांना उतरणाऱ्या मुलामुलींनी तो जरूर वाचावा. मात्र तिथेच थांबू नये. ते पुस्तक स्तानिस्लावस्कीच्या योजनेतला अर्धाच भाग आहे. आवाज, देह, चाल यांवरचा उरलेला अर्धा इंग्रजीत १९४९ साली, त्याच्या मृत्यूनंतर आला. पहिलाच भाग वाचून अभिनय म्हणजे नुसतं आत डोकावणं असं समजणाऱ्यांनी दुसराही मिळवून वाचावा.