कोठडीतली पहिली रात्र आणि औषधाची गोळी

गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली. हातात पिशवी, पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी आणि फिटच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या. मुलीचे अब्बा भांडणाच्या केसमध्ये न्यायालयीन कोठडीत गेले होते. बाहेरचे औषध चालत नाही, असे सांगून तिला जेलच्या दारातून परत पाठवले होते. मराठीत अर्ज लिहून द्या, एवढेच तिचे मागणे. अर्ज आम्ही लिहिला; पण तीन दिवस गोळी चुकली आणि त्यांना आत फिट आलीच.

बाहेरचे औषध तपासल्याशिवाय आत जाऊ नये, हे आम्हालाही पटते. मग ती गोळी आतून, त्याच दिवशी मिळायला हवी.

हे काही नवे मागणे नाही. इंग्रजांच्या 1894च्या कारागृह कायद्यातच लिहिले होते की कैदी आत आला की त्याची तपासणी व्हावी आणि प्रकृतीची, जखमांची नोंद वहीत करावी. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली मंजूर केलेले ‘नेल्सन मंडेला नियम’ आणखी पुढे जातात. समाजात मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्याला मोफत मिळावी आणि उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच असावा, जेलच्या अधिकाऱ्याने तो फिरवू नये, असे ते सांगतात. आम्हाला हा दुसरा नियम मोलाचा वाटतो. डॉक्टर सिव्हिलला न्या म्हणतात, पण पोलीस बंदोबस्त मिळत नाही आणि तारीख निघून जाते, हे कैद्यांच्या घरच्यांना नवे नाही.

आपल्या देशात चार कैद्यांपैकी तिघांच्या खटल्याचा निकालच लागलेला नसतो. तळोजा जेलमधले फादर स्टॅन स्वामी असेच कच्चे कैदी होते. कंपवाताने हात थरथरत, पेला धरवत नसे. वयाच्या 83व्या वर्षी त्यांना स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. जुलै 2021 मध्ये, जामिनाविना, त्यांचे निधन झाले.

घरातल्या कुणावर अशी वेळ आलीच, तर आजार आणि चालू औषधे रिमांडच्या दिवशीच वकिलांमार्फत न्यायाधीशांच्या कानावर घालावीत, आदेशात तशी नोंद मागावी. चिठ्ठीच्या दोन-तीन झेरॉक्स जवळ असाव्यात. जेलमध्ये अर्ज दिला तर पोच घ्यावी. त्या दिवशी आम्ही तेवढेच विसरलो होतो.