टपरीवरचा टीव्ही आणि 'कायदा माहीत असलेला' माणूस

अंतिम सामन्याच्या संध्याकाळी अमृततुल्यच्या भिंतीवरच्या टीव्हीखाली तीसेक माणसं उभी असतात. कटिंग दोघांत एक, षटकं वीस. अशात एखादा जाणकार मालकाला हमखास घाबरवतो : 'दुकानात मॅच लावणं गुन्हा आहे.' दुसरा म्हणतो, 'महिन्याचे पैसे भरतोस ना? मग काहीही दाखव, कसंही दाखव.' चुकतात दोघंही. दुसऱ्याची चूक जास्त महागात पडते.

कॉपीराइट कायदा, 1957 मधल्या कलम 37 नं वाहिनीला तिच्या प्रक्षेपणावर 25 वर्षांचा वेगळा हक्क दिला आहे. परवाना नसताना ते प्रक्षेपण लोकांना पैसे आकारून दाखवलं, तर हा हक्क मोडतो. किती डोकी जमली किंवा पडदा किती इंची, हे कलम विचारत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2017 च्या नियमांतली 'ग्राहक' ही व्याख्याही याच वळणाची आहे : सिग्नल पुढे दुसऱ्याला द्यायचा नाही, पाहण्यासाठी ठरावीक रक्कम घ्यायची नाही आणि प्रत्येक सेटटॉप बॉक्स म्हणजे एक ग्राहक. म्हणजे चहाचेच पैसे घेणारा टपरीवाला वाहिनीच्या या हक्काला धक्का लावत नाही. एका बॉक्सवरून शेजारच्या सलूनला वायर ओढून देणारा मात्र या व्याख्येतून बाहेर पडतो.

'तिकीट नाही हो, 500 रुपये प्रवेश, त्यात एक पेय फुकट!' परमिट रूमवाल्यांची ही लाडकी पळवाट. पैसे पेयाचे की सामन्याचे, हे न्यायाधीशांना पटवण्याची वेळ स्वतःवर का आणावी, हे मला कधी कळलेलं नाही.

'फुकट दाखवलं की सगळं चालतं' हाही भ्रमच. कालचा सामना रेकॉर्ड करून आज गिऱ्हाइकांना दाखवला, तर तिकीट नसलं तरी उल्लंघन होतं. रेकॉर्डिंगची सूट खाजगी वापरापुरती आहे. शिवाय चित्रपट आणि गाणी यांचे हक्क वाहिनीच्या हक्काहून निराळे. तिथं मुद्दा 'लोकांपर्यंत पोचवण्या'चा असतो, तिकिटाचा नाही. लॉजची खोली खाजगी असते, हेही कायदा मानत नाही : केबल किंवा उपग्रहावरून हॉटेलच्या खोल्यांत जे दाखवलं जातं, ते लोकांपर्यंत पोचवणंच ठरतं. ओटीटीची वर्गणी तर सहसा वैयक्तिक, बिगरव्यापारी वापराच्या अटीवरच मिळते. मालकाच्या मोबाइलवरून पडद्यावर टाकलेला सामना त्या अटीत बसत नाही.

आणि 'फार तर नोटीस येईल' म्हणणाऱ्यांसाठी : जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. हॉटेलवाल्यानं ते कारण कुठून आणायचं?

उघड्या गार्डनमध्ये मोठा पडदा लावणाऱ्यांना तर आणखी एक नियम आडवा येतो. एरवी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सुपर ओव्हर नेमकी त्यानंतरच लागते.