इनिशियल रॅमडिस्क : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिनक्स कर्नल मेमरीत येऊन चालू झाला की मूळ फाइलसिस्टिम शोधून माउंट करणे हे त्याच्यापुढचे मोठे काम असते. ही फाइलसिस्टिम डिस्कवर असते. डिस्कचा ड्रायव्हर मोड्यूल म्हणून बांधला असेल तर त्या मोड्यूलची फाइलही त्याच डिस्कवर असते. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी, तशी ही गत. ती टाळण्यासाठी लागणारे ड्रायव्हर, मोजकी साधने आणि सुरुवातीचा एक प्रोग्रॅम एका फाइलीत भरून ती कर्नलसोबतच मेमरीत आणली जाते. तिलाच इनिशियल रॅमडिस्क म्हणतात. या व्यवहारात तिघे असतात. डिस्ट्रिब्यूशनचे साधन फाइल भरते, बूटलोडर ती मेमरीत पोचवतो आणि कर्नल ती उघडतो. स्वतः कर्नल कंपाइल करणाऱ्यांची फसगत होते ती बहुधा एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर मांडल्यामुळे.

पहिला गोंधळ नावातच आहे. फाइलीचे नाव अनेक ठिकाणी अजूनही ‘इनिटआरडी’ने सुरू होते, ग्रब या बूटलोडरमधली आज्ञाही ‘इनिटआरडी’च आहे, पण आजच्या बहुतेक यंत्रांवर ती रॅमडिस्क नसते. जुन्या पद्धतीत त्या फाइलीत एक संपूर्ण फाइलसिस्टिम असे, कर्नल ती मेमरीतल्या कृत्रिम डिस्कवर उतरवी आणि त्यातला ‘लिनक्सआरसी’ हा प्रोग्रॅम चालवी. 2.6 मालिकेपासून रूढ झालेल्या इनिटरॅमएफएस पद्धतीत फाइल म्हणजे सीपीआयओ पद्धतीचा, सहसा कॉम्प्रेस केलेला संग्रह असतो. कर्नल तो मेमरीतल्या मूळ फाइलसिस्टिममध्ये थेट सोडवतो आणि त्यातला ‘/इनिट’ पहिली प्रोसेस म्हणून चालवतो. मधे डिस्क नाही, तिचा ठरीव आकारही नाही. बाहेरून काहीच दिले नाही तरी कर्नलच्या पोटात असा एक छोटा संग्रह असतोच. कर्नलच्या दस्तऐवजांत एक्स86 वरचा त्याचा आकार 134 बाइट दिला आहे.

हा फरक ठाऊक नसला की मेन्यूकॉन्फिगमध्ये चुकीच्या खोक्यात खूण केली जाते. ‘ब्लॉक डिव्हाइसेस’खालचा ‘रॅम ब्लॉक डिव्हाइस सपोर्ट’ चालू केला म्हणजे रॅमडिस्कची सोय झाली, असे समजले जाते. तो पर्याय जुन्या कृत्रिम डिस्कसाठी आहे आणि इनिटरॅमएफएसला त्याची गरज नाही. हवा असतो तो ‘जनरल सेटअप’खालचा ‘इनिशियल रॅम फाइलसिस्टिम अँड रॅम डिस्क सपोर्ट’. त्याच्याच पोटात जीझिप, एक्सझेड, एलझेड4, झेडएसटीडी वगैरे कॉम्प्रेशनचे पर्याय असतात. कर्नलची स्वतःची फाइल कोणत्या पद्धतीने दाबायची हे ठरवणारा पर्याय वेगळा. हे पर्याय ठरवतात ते आलेला संग्रह कर्नलला सोडवता येईल का एवढेच. मूळ मांडणीत ते चालूच असतात. कर्नल सडपातळ करण्याच्या हौसेत त्यांना कात्री लागते आणि मग झेडएसटीडीने दाबलेली फाइल समोर येताच कर्नल ‘इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड’ म्हणून मोकळा होतो. झेडएसटीडीची ही सोय 2020 मधल्या 5.9 आवृत्तीपासूनची आहे, त्याआधीचा कर्नल बांधताना हेही ध्यानात घ्यावे लागते.

इनिशियल रॅमडिस्कशिवाय लिनक्स सुरूच होत नाही आणि नीट बांधलेल्या कर्नलला तिची गरजच नसते, अशी दोन परस्परविरोधी मते सारख्याच ठामपणे मांडली जातात. दोन्ही अर्धवट आहेत. मूळ फाइलसिस्टिम साध्या पार्टिशनवर असेल आणि डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर (एनव्हीएमई किंवा एएचसीआय) तसेच ईएक्सटी4 सारखा फाइलसिस्टिमचा कोड मोड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बांधला असेल, तर रॅमडिस्कवाचून काम भागते. परंतु बूटच्या ओळीत मूळ फाइलसिस्टिमची ओळख कशी दिली आहे, इकडे दुर्लक्ष होते. डिस्ट्रिब्यूशन ती सहसा यूयूआयडीने देते. हा क्रमांक फाइलसिस्टिमच्या आत लिहिलेला असतो आणि त्यावरून पार्टिशन हुडकणे कर्नलला स्वतःला येत नाही. ते काम रॅमडिस्कमधली साधने करतात. कर्नलला कळतो तो पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशन टेबलमधला क्रमांक, किंवा थेट डिव्हाइसचे नाव. त्यामुळे सगळे ड्रायव्हर आत असूनही रॅमडिस्क काढल्यावर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(0,0)’ असा पॅनिक दिसतो आणि दोष डिस्कला दिला जातो. त्या दोन शून्यांचा अर्थ इतकाच की दिलेल्या नावाचे कोणतेही डिव्हाइस कर्नलला सापडले नाही.

याउलट मूळ फाइलसिस्टिम लक्सने एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासफ्रेज विचारायला यूजरस्पेसमधला प्रोग्रॅम लागतोच. एलव्हीएमचेही साधारण तसेच. सॉफ्टवेअर रेडबाबत तर एक जुनी समजूत टिकून आहे की कर्नल तो आपोआप ओळखतो. ही आपोआप ओळख 0.90 या जुन्या मेटाडेटापुरती आहे. आज रेड बांधणारे एमडीएडीएम हे साधन सहसा जो 1.2 मेटाडेटा लिहिते, तो जुळवायला रॅमडिस्क लागते. ज्याच्याकडे यांपैकी काही आहे त्याने रॅमडिस्क टाळण्याच्या भानगडीत पडू नये.

‘मेक’ पूर्ण झाले म्हणजे रॅमडिस्कही तयार झाली, हा समज नवशिक्यांपुरता नाही. ‘मेक’ कर्नल आणि मोड्यूल बांधते. ‘मेक इन्स्टॉल’ डिस्ट्रिब्यूशनच्या ‘इन्स्टॉलकर्नल’ स्क्रिप्टला हाक मारते आणि डेबियनसारख्या ठिकाणी तिथून पुढे इनिटरॅमएफएस-टूल्सचे काम सुरू होते. अशी साखळी नसेल तिथे ड्रॅकट किंवा एमकेइनिटसीपीआयओ हाताने चालवावे लागते. क्रमही महत्त्वाचा आहे. ‘मोड्यूल्स_इन्स्टॉल’ आधी झाले नसेल तर साधनाला भरायला मोड्यूलच मिळत नाहीत. जुन्या कर्नलची रॅमडिस्क नव्याला जोडूनही भागत नाही, कारण मोड्यूल त्या-त्या आवृत्तीशी बांधलेले असतात. फाइल शेकडो मेगाबाइटची झाली की कर्नलमध्ये फार काही घेतले गेले, असे वाटते. पुष्कळदा खरे कारण मोड्यूलमध्ये राहिलेली डीबग माहिती असते; ‘मोड्यूल्स_इन्स्टॉल’ला ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=1’ दिले की ती गळते.

संग्रह कर्नलच्याच पोटात घालण्याचीही सोय आहे. ‘इनिटरॅमएफएस सोर्स फाइल्स’ या पर्यायात फोल्डर, तयार सीपीआयओ फाइल किंवा वर्णनाची यादी देता येते. मात्र स्वतःची सामग्री दिली की आधीचा छोटा संग्रह बाजूला पडतो आणि त्यातले ‘/डेव्ह/कन्सोल’ही जाते. ते आपल्या यादीत नसेल तर पहिल्या प्रोसेसचे म्हणणे पडद्यावर उमटत नाही आणि यंत्र गोठले असे वाटते. ‘डेव्हटीएमपीएफएस आपोआप माउंट करा’ असा पर्याय निवडला तरी उपयोग होत नाही. इनिटरॅमएफएसला तो लागू नाही, हे त्या पर्यायाच्या मदतीतच लिहिले आहे. ‘/इनिट’ने ते स्वतः माउंट करायचे असते.

याच टप्प्यावर ‘फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट (एरर -2)’ हा निरोप हमखास चकवतो. उणे 2 म्हणजे ‘फाइल नाही’, म्हणून ‘/इनिट’ पुन्हापुन्हा तपासली जाते आणि ती तर जागेवर असते. ती खरोखरच नसती तर हा निरोप आलाच नसता. कर्नल जुन्या वाटेने थेट मूळ फाइलसिस्टिम माउंट करायला गेला असता. नसते ते ‘/इनिट’ला चालवणारे: स्क्रिप्ट असेल तर पहिल्या ओळीत लिहिलेला शेल, डायनॅमिक लिंक केलेला प्रोग्रॅम असेल तर त्याचा लोडर. म्हणून हाताने बांधलेल्या रॅमडिस्कमध्ये स्टॅटिक बिझीबॉक्स घेणे शहाणपणाचे. उणे 13 आले तर फाइलला चालवण्याची परवानगी नाही. उणे 8 आले आणि ‘/इनिट’ स्क्रिप्ट असेल, तर #! ने सुरू होणाऱ्या स्क्रिप्टचा पर्याय कॉन्फिगरेशनमध्ये बंद राहिला आहे का, ते आधी पाहावे.

तयार फाइल सीपीआयओने उघडल्यावर काही वेळा आत प्रोसेसरचा मायक्रोकोड तेवढा दिसतो आणि फाइल बिघडली असा निष्कर्ष निघतो. मायक्रोकोड फार लवकर लागतो, म्हणून तो न दाबलेल्या वेगळ्या संग्रहात सर्वांत पुढे जोडतात आणि खरा संग्रह त्याच्या मागे असतो. ‘एलएसइनिटरॅमएफएस’ किंवा ‘एलएसइनिटआरडी’ दोन्ही भाग दाखवतात. रॅमडिस्क कायमची मेमरी अडवून बसते, हीदेखील निराधार भीती. संग्रह सोडवून झाला की त्याने व्यापलेली जागा कर्नल परत घेतो आणि तशी नोंद बूटच्या लॉगमध्ये येते. पुढे ‘स्विच_रूट’ आतल्या फाइली पुसून खऱ्या मूळ फाइलसिस्टिमवर जाते.

सिक्युअर बूट चालू असले की रॅमडिस्कही सुरक्षित, ही समजूत मात्र धोक्याची आहे. नेहमीच्या मांडणीत सही तपासली जाते ती बूटलोडरची आणि कर्नलची. रॅमडिस्क त्या-त्या यंत्रावर तयार होते, तिच्यावर डिस्ट्रिब्यूशनची सही नसते. ‘/बूट’मध्ये लिहू शकणारा माणूस डिस्कचा पासफ्रेज विचारणारी स्क्रिप्टही बदलू शकतो. कर्नल, रॅमडिस्क आणि बूटची ओळ एकाच सही केलेल्या फाइलीत बांधणारी युनिफाइड कर्नल इमेज ही पळवाट बंद करते.