आवक चालू, उचल बंद

तुरीचे भाव चढले की भेसळीच्या बातम्या मागोमाग येतातच, आणि लाखोळीचे नाव निघते. वाशिमच्या घरात सूप घेऊन बसलेल्या बाईला ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीची डाळ गोलसर, लाखोळीची चपटी, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी तिरकी. लाखोळी खरी पूर्व विदर्भाची, उभ्या धानात उतेरा टाकून घेतलेली. पण तिच्याने पाय का ताठरतात, हे बातमीत येत नाही.

याचे उत्तर पेशींच्या निरोपांत आहे. मेंदूतल्या पेशींचे बहुतेक निरोप ग्लुटामेट पोचवते. निरोप पोचल्यावर ग्लुटामेटला जागीच मोडून टाकणारे विकर तिथे नसते, उचलूनच न्यावे लागते. बाजार समितीत आवक झाली आणि उचल झाली नाही तर यार्डाचे काय होते, हे वाशिमकरांना सांगायला नको. इथले हमाल म्हणजे शेजारच्या तारकापेशींवरची वाहक प्रथिने. हमाली ठरलेली: ग्लुटामेटच्या एका रेणूमागे सोडियमचे तीन आयन आणि एक प्रोटॉन आत, पोटॅशियमचा एक बाहेर. पेशीच्या आत ग्लुटामेट हजारो पटींनी जास्त, तरी उचल चालते ती सोडियमच्या ओढीवर. वर्दळ वाढली की पेशी हमालही वाढवते. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटून ऊर्जा संपली, की हेच हमाल माल उलटा बाहेर आणू लागतात.

लाखोळीतले ओडॅप हा ग्लुटामेटचा तोतया. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, आदिगा, सरमा यांनी १९६४ मध्ये त्याची ओळख पटवली. चेतापेशीवरची ग्राहक प्रथिने त्याला खरे समजतात आणि पेशी उगाच पेटत राहते. शिवाय सिस्टीन आत, ग्लुटामेट बाहेर अशा अदलाबदलीच्या दारातूनही ते शिरताना प्रयोगशाळेत दिसले आहे. सिस्टीन अडले की पेशीची ढाल, ग्लुटाथायोन, पातळ होते.

लाखोळीवर १९६१ मध्ये विक्रीबंदी आली, पण ती डाळीवर, उपासमारीवर नाही. रीवाकडे वेठबिगारांना मजुरीच लाखोळीत मिळे. महिनोन्महिने पोटात दुसरे काही नाही. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी बंदीविरुद्ध उपोषणाला बसले. डाळ निर्धोक, हा त्यांचा ठामपणा मला पचत नाही. गरिबाच्या ताटातली स्वस्त प्रथिने काढून घेतल्याचा त्यांचा राग मात्र रास्तच.

भिजवून, उकळून पाणी फेकले की ओडॅप बरेच उतरते. सोबत ज्वारी-गहू असले की धोका आणखी कमी. तरी सुटी तूरडाळ आणाल तेव्हा मूठभर सुपावर पसरून पाहा. तिरके दाणे दिसले तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.